मानेवरचे वळ

"कट! अरे, गळा आवळतोयस की ताप बघतोयस?" दिग्दर्शक खेकसला.

चेंडू जमिनीवरून उठली. कशीही आपटली तरी उसळी मारून उभी राहते, म्हणून सेटवर सगळे तिला चेंडूच म्हणत. सिनेमा एका दिवसात घडणारा होता. नवरा-बायको सकाळपासून एकाच घरात तडातडा भांडतात, शब्दाला शब्द वाढतो आणि संध्याकाळी तो तिचा गळा धरतो. भांडायला हीरो-हिरॉईन होते. मार खायला हिरॉईनच्या जागी चेंडू, आणि द्यायला हीरोच्या जागी चेंडूचा नवरा. खराखुरा; वर्षापूर्वी तिने सोडलेला. पण हाणामारीत या जोडीसारखी जोडी नाही, म्हणून फाइटमास्तरांनी दोघांनाच बोलावलं होतं.

धंद्यातला नियम सोपा. श्वास कोंडला की समोरच्याच्या मनगटावर दोनदा थोपटायचं. त्याने त्या क्षणी सोडायचं. वर्षापूर्वी, घरच्या स्वयंपाकघरात, तिने थोपटलं होतं. थोपटतच राहिली होती. शेजारीण धावत आली म्हणून वाचली.

"माझ्याने होत नाही गं," नवरा पुटपुटला. "हातच उचलत नाहीत."

"त्या दिवशी बरे उचलले!"

"किती वेळा माफी मागू?"

"माफी राहू दे. शॉट दे. तुझ्यापायी माझं काम जायला नको."

"काय गुलुगुलु चाललंय?" मास्तर ओरडले.

"काही नाही मास्तर, हात कुठं धरायचे ते ठरवतोय."

तिने त्याचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवले. "इथं धर. थोपटलं की सोड. आधी नाही, नंतर नाही."

टेबल उलटलं, काचा फुटल्या, तिची पाठ भिंतीवर धाडकन आदळली. या वेळी त्याने खरंच आवळलं. डोळ्यांपुढचा उजेड बारीक होत गेला. थोपटायला हात उचलायचीच तिला भीती वाटली. थोपटलं आणि याने सोडलं नाही तर?

शेवटी तिने थोपटलं.

चटका बसावा तसे त्याचे हात सुटले. सेटवर टाळ्या वाजल्या. नवरा भिंतीशी मटकन बसला.

"सोडलं ना मी? बघितलंस ना? आता तरी घरी चल."

चेंडू खोकली. आवाज फुटायला वेळ लागला.

"सोडलंस. इथं एवढी माणसं बघत होती."

मेकअपवाला लाल रंगाची डबी घेऊन आला. पुढचा जवळचा शॉट हिरॉईनचा होता. ती खुर्चीत मान वर करून तयारच बसली होती.

"ताई, जरा इकडं वळता का? तुमचे वळ बघून मॅडमचे काढतो."

चेंडूने कॉलर खाली ओढली, दिव्याकडे मान वर केली आणि त्याचं रंगवून होईपर्यंत हलली नाही.