गुरुलिंगाची हीर

बहात्तरच्या दुष्काळात कुंभारीच्या शिवारात पाणी म्हणावं असं एकाच विहिरीत उरलं होतं, आणि तीच विहीर खोल करताना चन्नप्पाचा धाकटा भाऊ गुरुलिंग सुरुंगानं गेला होता. तो गेला आणि आठवड्याभरात झरा लागला. लोक तिला ‘गुरुलिंगाची हीर’ म्हणायला लागले, कुणी कुणी नारळ फोडून गेलं. चन्नप्पाचं घर विहिरीला लागूनच. दिवस उजाडला की रहाटाची करकर कानाशी सुरू.

भिमा धनगर दुपारी मेंढरं पाजायला आला, तर चन्नप्पा काठावर पाय सोडून बसलेला. दगड तव्यासारखे तापलेले, पण त्याला त्याचं भान नव्हतं. लहानपणी दोघांनी एकाच माळावर गुरं राखलेली. भिमानं मेंढरं तशीच सोडली आणि त्याच्याशेजारी जाऊन टेकला.

“हितं काय करतोस रं?”

“बसलोय.”

“चन्नप्पा, सरळ इचारतो. जीव द्यायचा इचार हाय का तुजा?”

चन्नप्पानं मान वर केली नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “रोज.”

भिमानं त्याचं मनगट धरलं. “आदी मागं सरक. मग बोल. मी कुटं जात न्हाय.”

चन्नप्पा सरकला. मग कन्नड-मराठी एकात एक मिसळून बाहेर पडायला लागलं.

“दोन वाती पेटिवल्या हुत्या. दोन बार ऐकले. मीच म्हनलं, तम्मा, उतर आता. धाकटा त्यो, माजं ऐकून उतरला. आन मग दुसरा बार उडाला. पैल्यांदा एकच उडाल्याला रं! दुसरा आवाज त्या टेकडीवरनं माघारी आल्याला. आता यष्टीचं दार आपटलं तरी मी भुईवर पडतो. डोळं मिटलं की त्यो उतरतोय.”

“मी त्या दिशी टेकडीखालीच हुतो,” भिमा म्हणाला. “मलाबी दोनच ऐकाय आले. तुज्या जागी असतो तर मीबी उतर म्हनलं असतं.”

“त्यानं काय हुतंय? गेला त्यो गेला.”

“काय न्हाय हुत. पर ऐकनारा तू एकटा न्हाईस, येवडंच.”

चन्नप्पा म्हणाला, “कमलम्माला सांगू नगंस.”

“सांगनार. राग धर पायजे तर.”

चन्नप्पाची बायको कमलम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. भिमाचं सगळं ऐकून घेतलं तरी तिचा हात थांबला नाही. “ठावं हाय मला,” ती म्हणाली. “ह्यांच्या धोतराला पदर बांदून पडते मी. कुनाला सांगू, भिमादा? म्हनतील, घरात याड शिरलं.” मग मात्र भाकरी तव्यावर करपली आणि ती पदरात तोंड घालून रडली.

गाव सोडून जावं तर जायचं कुठं? माणसांना पाणी तिथंच, मेंढरांनाही तिथंच. तेव्हा त्यातच जमेल तसं जमवलं. चन्नप्पाची चुलती बजाबाई राहायला आली. भिमानं त्याला सोलापूरला डॉक्टरकडं नेलं, मिळाल्या त्या गोळ्या कमलम्मानं आपल्या ताब्यात ठेवल्या. दिवसभर चन्नप्पा मेंढरांमागं भिमाबरोबर. आणि रोज सकाळी भिमा दारात उभा राहून विचारायचा, “आज कसं?” खोटं बोलायचं नाही, असं दोघांत ठरलेलं. बहुतेक सकाळी उत्तर एकच यायचं, “तसंच.” भिमा म्हणायचा, “बरं. काठी घे, चल.”

कधी चन्नप्पा माळावर तोंड झाकून पडून राही. भिमा उगीच समजूत घालत बसायचा नाही. घोंगडीवर शेजारी बसून लोकर कातायचा. मनात मात्र त्याला भय वाटायचं, उद्या आपण पोचायच्या आत काही झालं तर?

पुढं एकदा भिमालाच हिवताप भरला. अंगात उठायचं बळ नाही. सकाळ झाली, ऊन वर आलं, आणि तो पालात पडल्या पडल्या तळमळायला लागला. बायकोला म्हणाला, “मायाक्का, पळ, चन्नप्पाचं बघून ये.”

मायाक्का पायात वहाण सरकवते तोवर पालाबाहेर खाकरल्याचा आवाज झाला. घामानं भिजलेला चन्नप्पा आत वाकला.

“इचाराय आला न्हाईस,” तो म्हणाला, “म्हनून मीच आलो सांगाय.”

“कसं हाय?”

“तसंच हाय. लई वाईट हाय आज.” त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. “मेंढरं कुनीकडं न्यायची, त्येवडं सांग.”