पुलावरची हाक

खोलीत एक मोठा टीव्ही होता. त्याच्यासमोर एक गुबगुबीत कोच, कोचाशेजारी एक ठेंगणी खुर्ची, मागच्या भिंतीत एक काळी काच, आणि टीव्हीखालच्या खणात व्हिडिओ गेम खेळायचे पाच कंट्रोलर. त्यांपैकी चार नवे कोरे होते. पाचव्याच्या उजव्या मुठीवरचं रबर सुटलं होतं आणि तो जरा जास्तच घरघरायचा. तो पाचवा म्हणजे मी.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला नाही तरी माझ्या एखाद्या भावंडाला हातात धरलं असेल. पण हातात धरलेल्या वस्तूकडे बघतं कोण? तुमचे डोळे सगळे पडद्यावर. आम्ही कसे दिसतो ते तुम्हाला धड सांगता येणार नाही. तुमचे तळहात कसे असतात, ते मात्र आम्हाला पक्कं ठाऊक असतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं माझ्या पोटात दोन छोट्या मोटारी बसवल्या. प्रत्येक मोटारीच्या दांडीला एक वजन लावलेलं असतं, आणि ते मुद्दाम मधोमध न लावता एका बाजूला लावतात. त्यामुळे मोटार फिरली की वजन मला इकडून तिकडे खेचतं आणि मी थरथरतो. डाव्या मोटारीचं वजन जड, उजवीचं हलकं. खेळात डोंगर कोसळला की डावी फिरते, पाऊस भुरभुरला की उजवी. माझी सगळी भाषा एवढीच, दोन अक्षरांची. पण या दोन अक्षरांत मी भल्याभल्यांना खुर्चीतून उठवलं आहे.

कारखान्यातून मी थेट इथं आलो, म्हणजे खेळ तयार करणाऱ्यांच्या कचेरीत. ही आमची चाचणीची खोली. खेळ बाजारात जाण्याआधी बाहेरच्या लोकांना बोलवायचं, त्यांच्या हातात आम्हाला द्यायचं आणि ते कुठं हसतात, कुठं अडतात, कुठं जांभई देतात, ते काळ्या काचेमागून बघायचं. खेळणाऱ्याला काच फक्त काळी दिसते. मागच्यांना मात्र त्याच्या नाकावरची माशीसुद्धा दिसते.

सुरुवातीची वर्षं माझी चैन होती. सगळे मलाच मागायचे. माझी थरथर दणदणीत म्हणून लढाईच्या खेळांना मीच लागायचो. घामेजलेले हात, बिस्किटांचे हात, नखं खाणारे हात, सगळ्यांशी माझी जानपछान झाली. पुढे रबर सुटलं, घरघर वाढली, चार नवे आले आणि माझी रवानगी खणाच्या कोपऱ्यात झाली. नवे बिचारे स्वभावानं चांगले होते. परतले की मला सगळं सांगायचे. घरबसल्या बातम्या, म्हातारपणी आणखी काय हवं?

त्या वर्षी कचेरीत एकाच खेळाची धूम होती. बर्फात गाडल्या गेलेल्या शहरांमधून एक मुलगी पेटता कंदील घेऊन निघते आणि एक दगडी राक्षस तिच्या मागे लागतो. खेळ असा देखणा की पाहुणे आधी पाच मिनिटं नुसते बर्फाकडेच बघत बसायचे. कंदिलाचा उजेड बर्फावर पडला की बर्फ आतून पिवळा दिसायचा. मुलीच्या श्वासाची वाफ व्हायची. एक पाहुणा तर म्हणाला होता की, खोलीतला एसी जरा कमी करा, थंडी वाजते. एसी बंदच होता.

या खेळात एक काचेचा पूल होता. खाली दरी, मागून राक्षस, पायाखाली तडकत जाणारी काच. तो पूल एका तरुण मुलीनं बनवला होता. दोन वर्षं ती त्या पुलापलीकडे गेलीच नव्हती म्हणा ना. सगळे तिला पूलवाली म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीतही तिचं एक बोट टेबलावर तडे काढत असायचं.

आणि खेळाचे दिग्दर्शक होते, त्यांना पाठीमागे कात्री म्हणायचे. जे रेंगाळेल ते कापायचं, हा त्यांचा खाक्या. माणूस मनानं वाईट नव्हता. पण त्यांचे दोन हट्ट होते. पहिला, पडद्यावर एकही अक्षर येता कामा नये. 'हे बटण दाबा', 'इकडे जा', असलं काही नको. दुसरा, सांधा दिसता कामा नये. म्हणजे असं की, पुलाच्या तोंडाशी आधी सिनेमासारखं दृश्य चालतं. राक्षस उठतो, मुलगी मागे वळून बघते, कंदील फडफडतो. मग कॅमेरा अलगद तिच्या पाठीमागे येतो आणि तिथून पुढे ती खेळणाऱ्याच्या हातात. बघणं कुठं संपलं आणि खेळणं कुठं सुरू झालं, तो शिवणीचा टाका दिसायला नको. पूलवालीनं तो टाका असा बेमालूम घातला होता की कात्रींनीही मान डोलावली होती.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

पाहुणे यायचे, मन लावून खेळायचे आणि पुलाशी आले की कंट्रोलर खाली ठेवायचे. मग राक्षस यायचा, काच फुटायची, मुलगी दरीत. पाहुणे वैतागून कंट्रोलर उचलायचे, दुसऱ्या फेरीत कसेबसे पार व्हायचे आणि शेवटी विचारलं की म्हणायचे, दिसायला एक नंबर आहे, पण खेळायला मजा नाही, उगाच मारतात.

कात्रींनी निष्कर्ष काढला की लोक पुलाशी येऊन कंटाळतात. कंटाळा आल्याशिवाय कोणी हातातलं खाली ठेवतं का?

मला खणातून ओरडावंसं वाटायचं. कारण नव्यांपैकी एकानं मला सांगितलं होतं, "दादा, ते आम्हाला टाकत नाहीत. झोपलेलं बाळ ठेवावं तसं ठेवतात, डोळे पडद्यावरून न हलवता." मित्रांनो, हे नीट ऐका. कंटाळलेला माणूस कंट्रोलर टाकतो. रंगलेला माणूस ठेवतो. ही गोष्ट काचेमागून दिसत नाही, ती पाठीला कळते. पण माझ्याजवळ अक्षरं दोन, आणि तीही कोणी फिरवली तरच फिरणार.

एका सकाळी कात्री खोलीत आले आणि कोचावर बसून पूलवालीला म्हणाले की आता पुरे. पूल काढून टाकू. मुलगी अलीकडून पलीकडे गेली असं दाखवू आणि पुढे जाऊ.

 पूलवालीनं एक शेवटची चाचणी मागितली.

"मिळेल," कात्री म्हणाले. "बारा जण बोलाव. पहिल्या फेरीत दोनपेक्षा जास्त पडले, तर पूल गेला. मग माझ्यासमोर रडायचं नाही."

"मी रडत नाही सर. माझे डोळे पडद्यामुळे लाल असतात."

त्या चाचणीआधी एकदा सरावाची चाचणी होती. तिला येणारा पाहुणा ऐन वेळी आजारी पडला. कधीच न खेळलेला माणूस हवा होता, आणि असा माणूस पूलवालीच्या घरातच होता: तिचे मामा. बँकेतून निवृत्त झालेले, आणि सिनेमाचा नाद असा की थिएटरात ते पडद्यावरच्या माणसांना सल्ले द्यायचे. तिनं त्यांना फोन करून एवढंच सांगितलं की, मामा, आज आमच्या खेळाला ये, बाकी आल्यावर सांगते.

मामा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून. दारातच त्यांनी विचारलं, "चिमणे, हा पहिला खेळ की दुसरा? आणि मध्यंतर कधी आहे? मला मधे एकदा उठावं लागतं."

पूलवालीला वाटलं मामा थट्टा करताहेत. ती हसली, त्यांना कोचावर बसवलं आणि खण उघडला. चारही नवे त्या दिवशी दुसऱ्या टीमनं नेलेले. माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसून तिनं मला मामांच्या हातात दिलं आणि काचेमागे गेली.

इतक्या वर्षांनी मला हात लागले होते. ऊबदार, कोरडे, जाड बोटांचे हात. मामांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांना वाटलं असावं, हा टीव्हीचा रिमोट. इथंही सगळं मोठंमोठं करून ठेवलंय, असं काहीसं पुटपुटून त्यांनी मला शेजारच्या उशीवर ठेवलं. झोपलेल्या बाळासारखं.

पूलवालीनं खेळ थेट पुलाच्या दृश्यापासून सुरू केला होता. राक्षस उठला. मामा पुढे सरकले. मुलीनं वळून पाहिलं. "पळ गं," मामा म्हणाले. कॅमेरा तिच्या पाठीमागे आला. मुलगी उभीच. कंदील फडफडतोय, राक्षस येतोय, मुलगी उभीच. "अगं पळ की, उभी काय राहिलीस!" काच फुटली. मुलगी दरीत. मी उशीत थरथरलो, पण माझी सगळी घरघर काच फुटण्याच्या आवाजानं आणि कापसानं गिळली.

दृश्य पुन्हा सुरू झालं. मामा पुन्हा पळ म्हणाले, मुलगी पुन्हा दरीत. मी पुन्हा कापसात.

मामांनी चष्मा पुसला. तेवढ्यात पूलवाली पाण्याचा ग्लास घेऊन आत आली. तिचा चेहरा उतरला होता. हाही कंटाळला, असंच तिला वाटलं असणार. मामांना ग्लास ठेवायला ठेंगणी खुर्ची जवळ ओढायची होती, उशी मधे येत होती, म्हणून त्यांनी मला उचलून मांडीवर घेतलं आणि उशी पलीकडे ढकलली.

"चिमणे, चित्र फार सुंदर आहे बघ," ते म्हणाले. "नुसता बर्फ दाखवला असतास तरी मी पैसे दिले असते. पण रीळ अडकलंय तुमचं. तिसऱ्यांदा तेच लागलंय."

पूलवाली जागच्या जागी थांबली.

पडद्यावर काच फुटली, आणि या वेळी मी कापसात नव्हतो. मामांच्या मांडीच्या हाडावर होतो. डावी मोटार अख्ख्या जोरानं फिरली. मामा दचकले, फोन वाजला असं समजून त्यांनी मला दोन्ही हातांनी पकडलं आणि नेमकं त्याच वेळी दृश्य पुन्हा पुलाशी येऊन उभं राहिलं. मामांचा अंगठा माझ्या डाव्या खुंटीवर, जिनं मुलगी चालते तिच्यावर, पडला. मुलीनं एक पाऊल टाकलं.

मामांनी अंगठा उचलला. मुलगी थांबली. पुन्हा ठेवला. ती चालली.

"चिमणे," मामा अगदी हळू म्हणाले, "ही माझ्या हातात आहे?"

"हो मामा. तो खेळ आहे."

"तू खेळाला ये म्हणालीस. मला वाटलं, खेळ बघायला."

मग मात्र मामांना आवरणं कठीण झालं. ते पडत होते, हसत होते, मुलीची माफी मागत होते. पूल पार झाला तेव्हा त्यांनी मला छातीशी धरलं. पाण्याचा ग्लास तसाच राहिला आणि मध्यंतराची आठवणही झाली नाही.

पूलवाली काचेमागे गेली नाही. ती जमिनीवर बसून आधीच्या चाचण्यांचं चित्रण लॅपटॉपवर पुन्हा बघत होती, पण या वेळी फक्त हात. थोड्या वेळानं तिनं कात्रींना बोलावलं. तिचं म्हणणं असं होतं की कंटाळलं कोणीच नाही. सांधा इतका बेमालूम आहे की लोकांना आपली पाळी आलेलीच कळत नाही. आपल्याला तो पाठ आहे, आपला अंगठा आपोआप हलतो, म्हणून आपल्याला कधी दिसलंच नाही.

कात्री भिंतीला टेकले. "मग काय, अक्षरं टाकायची? बाण दाखवायचा?"

"नाही सर. पडद्याला हातच लावायचा नाही." तिनं मामांच्या हातातून मला मागून घेतलं, ते सहज देईनात. "पाळी आली की हा हाक मारेल."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे. ती मला टेबलावर ठेवायची, उशीवर ठेवायची, मांडीवर ठेवायची आणि माझ्या मोटारी कमीजास्त फिरवून बघायची. डावी फार फिरली की खेळणारे दचकून पुलावरून पडायचे. नुसती उजवी फिरली की कोणाला पत्ताच लागायचा नाही. शेवटी जमलं ते असं: आधी उजवी, बारीकशी, मग थांबणं, मग डावी एकदाच. कोणी बाही ओढून 'चल' म्हणावं तसं. माझ्याच दोन अक्षरांचा शब्द झाला. तो शब्द माझ्या घरघरीमुळे उशीवरूनही ऐकू जायचा; तसाच नव्यांकडूनही ऐकू जावा, म्हणून तिनं त्यांची थरथर तेवढी वाढवली. दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्या मुठीला नवं रबरही चिकटवलं. घरघर मात्र पूलवालीनं दुरुस्त करू दिली नाही.

मित्रांनो, एक विनंती आहे. दृश्य सुंदर असलं तर आम्हाला खुशाल खाली ठेवा, आम्हाला राग येत नाही. फक्त हळू ठेवा, कडेला ठेवू नका, आणि बिस्किटं खाल्ली असतील तर हात पुसून मग उचला. हरलात तर आपटू नका. तुमच्या हातात जे जे आहे, त्याच्याकडेही दिवसातून एकदा बघा. कधी कधी ते तुम्हाला काही सांगत असतं.

चाचणीच्या दिवशी बारा जण आले. पुलाशी बाराही जणांनी कंट्रोलर खाली ठेवला. हाक आल्यावर बाराही जणांनी तो उचलला. सर्वांत सावकाश उचलणाऱ्याला दीड सेकंद लागला. पहिल्या फेरीत अकरा जण पलीकडे पोचले. एक पडला, त्याला शिंक आली होती.