खर्ज कमी केला तेव्हा

दादाने अ‍ॅम्प पुन्हा एकदा माझ्या टेबलावर आणून आदळला आणि माझं डोकं फिरलं. गिटारचे अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारे खोके, दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातही जुने, काचेच्या व्हॉल्व्हवाले. त्यांच्यात आवाज जास्त ढकलला की तो छान खरखरीत फाटतो आणि त्या फाटण्यावर वाजवणारे जीव टाकतात. लोक लांबलांबून माझ्याकडे येतात, आणि घरचा माणूस मात्र माझं नाव खराब करत हिंडतो.

"ठमे, नुसता चिखल होतोय. सूर सुटे ऐकूच येत नाहीत," दादा म्हणाला. "बँडमधले म्हणतात, बहिणीने वाट लावली."

"मागच्या वेळी व्हॉल्व्ह बदलून दिले ना? नाचता येईना अंगण वाकडं!"

तो हसला नाही. एरवी माझ्या एका टोमण्याला त्याच्याकडे दोन तयार असतात.

मी अ‍ॅम्पची पाठ उघडली. प्लग काढला तरी याच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असते. ती आधी उतरवायची, नाहीतर ती आपल्याला वर पोचवते. मग मी कपॅसिटरला हात घातला. पहिल्या व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात जाताना आवाज त्याच्यातून जातो. तो मोठा असला की सगळा खर्ज पुढे घुसतो आणि फाटताना लगदा होतो. मी तो काढून लहान बसवला. खर्ज आधीच थोडा अडवला की फाटलेला आवाजसुद्धा मोकळा होतो. एरवी हे काम मी डोळे मिटून करते. दादासाठी मात्र नीट बघून केलं.

"वाजव आता."

त्याने पहिलाच तुकडा वाजवला आणि माझ्या अंगावर काटा आला. खरखर होती, पण प्रत्येक तार वेगळी. इतका सुंदर आवाज माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. बोलू देत आता बँडवाल्यांना, असं मनात आलं.

मग तो वरच्या सुरांकडे गेला आणि मधला एक सूर आलाच नाही. नुसती टक अशी मेलेली तार. पुन्हा तोच तुकडा, पुन्हा तिथेच टक.

"काहीतरी लूज असेल," दादा म्हणाला. "बघ ना जरा."

लूज कनेक्शन काही एकच सूर गाठून खात नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी मी वाकून बघितल्यासारखं केलं, आणि बघितलं त्याच्या डाव्या हाताकडे. अनामिका तारेवर पोचत होती, पण दाबत नव्हती.

"दादा, बोटाला काय झालंय?"

"कुठे काय? झोपेत हात आखडला असेल."

"खरं सांग."

तो गिटारची पट्टी चाचपत राहिला. "कप सुटतो हातातून. कधी कधी."

मघाशी मारलेला टोमणा आता मलाच बोचायला लागला. चिखल होता तोवर दोष अ‍ॅम्पचा होता, आणि तो चिखल मीच स्वच्छ धुऊन काढला होता.

"जुना कपॅसिटर ठेवलायस ना?" दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "तोच बसव. शनिवारी कार्यक्रम आहे गं."

इतका चांगला आवाज मुद्दाम बिघडवायचा? त्यापेक्षा माझा हात कापा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्याच्या बोटांकडे बघून माझीच मला लाज वाटली. मी जुना कपॅसिटर उचलला आणि सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवलं.

त्याने परत तो तुकडा वाजवला. चिखल आला आणि मेलेली तार त्यात जवळजवळ बुडून गेली. त्याचे खांदे सैल पडले.

"आता कळतंय?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही," मी धडधडीत खोटं बोलले. "आणि बँडवाल्यांना सांग, बहिणीला नाहीच जमलं."

माझ्या कामाला कुणी नावं ठेवली तर मी पदर खोचून भांडायला जाते, हे दादाइतकं कुणाला माहीत? त्याने गिटार मांडीवरून उतरवली. मग त्यानेच अ‍ॅम्प बंद केला.

"ठमे, डॉक्टरकडे एकट्याने जायची भीती वाटते गं. येशील?"