पेशी चालेनात

"आज पण नाही चालल्या, ताई," मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता मुलगी म्हणाली. "आठवा दिवस. जागच्या जागी घुटमळतायत नुसत्या."

"हं," म्हणून ताई काचपट्ट्या पुसत राहिल्या.

शरीरात कुठे सूज आली की तिथून एक प्रथिन झिरपतं. ते जिकडे जास्त, तिकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी सरपटत निघतात. प्रयोगशाळेत तेच पाहायचं होतं: छोट्या डबीत एका कडेला प्रथिन, दुसऱ्या कडेला पेशी. बावीस वर्षं ताईंच्या हातून त्या बिनबोभाट चालत आल्या होत्या. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख सर त्यांना आधी ताईंच्या टेबलाशी आणायचे. ही मुलगी संशोधनाला आली आणि पाहुणे तिच्याकडे वळले. "आमची हुशार मुलगी," सर कौतुकाने सांगायचे. ताईंची ओळख करून द्यायचं राहूनच जायचं. ताईंच्या पोटात दुखायचं.

मुलीचं टेबल रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या सेंट्रिफ्यूजला चिकटून होतं. ते यंत्र दिवसभर कुणी ना कुणी फिरवत असे. टेबल थरथरायचं, प्रथिन डबीत सगळीकडे सारख्याच प्रमाणात पसरायचं आणि पेशींना दिशाच कळायची नाही. ताईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण होऊ दे की फजिती एकदा, म्हणून गप्प राहिल्या होत्या.

"आज रक्त तुम्ही काढाल का?" मुलीने बाही वर केली. कोपराच्या आत हिरवेनिळे डाग पडले होते.

"रोज स्वतःचंच देतेस?"

"दुसऱ्या कुणाला किती त्रास द्यायचा? आणि सोमवारपर्यंत जमलं नाही तर सर हा विषयच काढून घेणारेत माझ्याकडून."

ताईंची सुई क्षणभर थांबली. मग त्यांनी रक्त काढलं, पेशी वेगळ्या केल्या, डबी भरून दिली आणि सेंट्रिफ्यूजचा प्लगच काढून ठेवला.

"आता बघ."

अर्ध्या तासात पेशी निघाल्या, सगळ्या एकाच बाजूला.

"चालल्या! ताई, चालल्या!" मुलगी खुर्चीतून उठलीच. मग तिची नजर प्लगकडे गेली. आवाज उतरला. "हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं.

"नाही गं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"जळत होते तुझ्यावर."

मुलीने मोजणीची वही ताईंपुढे सरकवली आणि हात धुवायला गेली. ताईंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा भिंगाला लावला आणि एकेक पेशी मोजू लागल्या. मागे नळ बराच वेळ वाहत होता.