इमोजीनबाईंची परवानगी

टॅलो क्रीकच्या सरकारी शाळेत मुलांना शिक्षा म्हणून ढुंगणावर लाकडी फळीने मारायचं काम रॉइस टिडवेल यांच्याकडे होतं. तसे ते उपमुख्याध्यापक आणि फुटबॉलचे कोच. पण गावातल्या बऱ्याच जणांची त्यांच्याशी पहिली ओळख वाकलेल्या अवस्थेतच झाली होती. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात याला कायद्याची आडकाठी नव्हती. पालकांची परवानगी आणि एक साक्षीदार असला की झालं. रॉइसना हे काम मनापासून कधी आवडलं नाही, पण ते सोडायचंही सुचलं नाही. गॅरेजातला बंद पडलेला फ्रीज वर्षानुवर्षं तसाच राहतो, तसं ते त्यांच्या गळ्यात राहिलं होतं.

त्या सप्टेंबरात ओडेसा रेनी या प्रकाराविरुद्ध उभी राहिली. तिच्या मुलाने, टेरेलने, जेवणाच्या रांगेत बेडूक सोडला म्हणून त्याला दोन फटके बसले होते. परवानगी दिली होती तिच्या नवऱ्याने, तिला न विचारता. तो तेव्हापासून सोफ्यावर झोपत होता. ओडेसाने शाळेच्या मंडळाकडे मागणी केली, फळी बंद करा. सभेच्या दिवशी सगळं गाव शाळेच्या जिममध्ये लोटलं. मंडळाचे दोन सभासद फळीच्या बाजूने, दोन विरुद्ध. निकाल अध्यक्षांच्या मतावर, आणि अध्यक्ष होते वेंडेल हॉकट, ट्रॅक्टरचे व्यापारी आणि रॉइसचे वर्गमित्र.

"उगाच बाऊ करताय," वेंडेल म्हणाले. "फळी म्हणजे काय, अंगावर माशी बसल्यासारखं."

"माशी बसून मुलाला अद्दल घडते का?" ओडेसाने विचारलं. "आणि घडत असेल, तर ती माशी नव्हे. काय ते एक ठरवा."

लोक हसले. वेंडेलचा चेहरा लाल झाला. "रॉइस, आण ती फळी. मला एक लगाव. बघू दे सगळ्यांना."

"वेंडेल, जाऊ दे ना."

"आण म्हणतो ना."

रॉइस ऑफिसातून फळी घेऊन आले. वेंडेलनी कोट काढला, टेबलावर हात टेकले आणि वाकले. रॉइस मात्र जागचे हलेनात. इतक्या वर्षांची सवय. नियमाशिवाय त्यांचा हात उठतच नसे.

"पालकांची परवानगी लागते," ते म्हणाले.

पहिल्या रांगेत चौऱ्याऐंशी वर्षांच्या इमोजीन हॉकट बसल्या होत्या, वेंडेलच्या मातोश्री. त्यांनी चष्मा सारखा केला. "माझी आहे. मार बाळा. त्याचं बरंच राहून गेलंय."

"आई, तू गप्प बस," वाकलेल्या वेंडेलकडून आवाज आला.

"बघितलंस? अजून उलटून बोलतो."

जिममध्ये हशा उसळला. साक्षीदारांची तर वाणच नव्हती. आता सुटका नाही म्हणून रॉइस मागे जाऊन उभे राहिले. समोर वेंडेलचे कान दिसत होते, लालभडक. मानेचे स्नायू ताठ, बोटं टेबलाच्या कडेला रुतलेली. साठीचा माणूस, पण उभा अगदी तिसरीतल्या पोरासारखा. टेरेलचे कान असेच दिसले होते. खरं तर सगळ्यांचेच असे दिसत आले होते, आणि रॉइस दर वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आले होते. या वेळी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"कधी मारतोयस?" वेंडेलचा आवाज चिरकला.

रॉइसनी फळी जेमतेम टेकवली. पण वाट बघून बघून वेंडेलचा जीव इतका टांगणीला लागला होता की ते हातभर उडाले आणि त्यांच्या तोंडून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. थेट टेबलावरच्या माइकमध्ये.

"कोच," इमोजीनबाईंनी शांतपणे विचारलं, "शाळेत शिवी दिली तर किती?"

"दोन, बाई."

वेंडेलनी घाईघाईने कोट चढवला आणि मतदान पुकारलं. आता माघार घेतील तर ते हॉकट कसले? त्यांनी फळीच्याच बाजूने मत दिलं, फक्त ते उभ्यानेच. ओडेसा पर्स उचलून निघाली.

"थांबा जरा," रॉइस म्हणाले. त्यांनी फळी टेबलावर ठेवली. "नियम तुमचा राहू दे. मारायला मात्र दुसरं माणूस बघा. मी फुटबॉल शिकवीन, जेवणाच्या रांगेवर उभा राहीन. हे माझ्याच्याने होणार नाही."

"मग कोण करणार?" वेंडेलनी सभेकडे पाहिलं. फळीच्या बाजूने टाळ्या वाजवणारे सगळे अचानक बुटांच्या नाड्या बघू लागले. वेंडेलनी फळीला मतं देणाऱ्या दोघा सभासदांकडे पाहिलं. एकाची पाठ दुखत होती, दुसऱ्याला हृदयाचा त्रास निघाला.

ती जागा आजतागायत रिकामी आहे. त्या दिवशी बाहेर, गाड्यांपाशी, इमोजीनबाईंनी रॉइसना गाठलं. त्यांना वाटलं, बाई पाठ थोपटणार.

"फारच हळू मारलंस रे," त्या म्हणाल्या, आणि मुलाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.