न रंगवलेली लोकर

स्वप्नालीनं मेंढीचे मागचे पाय एका हातानं दाबून धरले आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरची पुढची ओळ वाचली.

"आबा, आता हे. 'काउंटिंग शीप.' मेंढरं मोजणं. इंग्रजीत कशासाठी म्हणत असतील?"

तिचे वडील, अर्जुना, कातर चालवता चालवता म्हणाले, "लांडग्यानं न्हेलं का काय बघाया."

"न्हाई. झोप लागावी म्हणून."

कातर थांबली. "मोजताना झोप? आगं, एक कमी भरलं तर आठ दिस डोळ्याला डोळा लागत न्हाई."

चुलीपाशी बसलेली आई, हरणाबाई, हसली. "त्येंची मेंढरं दुसराच कोन तरी राखत आसंल."

आटपाडीजवळच्या त्या माळावर चार दिवस हाच खेळ चालला होता. परदेशातल्या एका रुग्णालयाची माणसं नर्सच्या मुलाखती घ्यायला उद्या सांगलीत येणार होती. स्वप्नालीकडे नर्सिंगची पदवी होती, अतिदक्षता विभागातला तीन वर्षांचा अनुभव होता. धास्ती होती ती इंग्रजी बोलण्याची. म्हणून तिनं वाक्प्रचारांची यादी पाठ करायला घेतली, आणि यादीत निम्मी जनावरंच निघाल्यावर आबांना सोबत घेतलं.

"'सेपरेट द शीप फ्रॉम द गोट्स.' शेळ्यांतून मेंढ्या वेगळ्या काढणं. म्हणजे वाइटातून चांगलं निवडणं."

"शेळी काढली तर मेंढरं चालणार कुणाच्या मागनं?" आबांनी कातर झटकली. "लिवणाऱ्यानं एक दिस बी मेंढरं राखल्याली न्हाईत. फुडचं बोल."

तिनं बोट सरकवलं, आणि ते तिथंच राहिलं.

'द ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली.' खाली अर्थ दिला होता: घराण्याला बट्टा लावणारी व्यक्ती.

तिनं तो दोनदा वाचला. कळपातल्या बाकी मेंढ्या पांढऱ्या-तांबूस, माडग्याळी जातीच्या. बाजारात मागणी त्यांनाच. काळ्या चार मेंढ्या आबांनी हट्टानं सांभाळल्या होत्या, घोंगड्यासाठी. त्यांची लोकर रंगवावी लागत नाही, आणि घोंगडं फाटेपर्यंत विटत नाही. तिच्या जन्मापासून आबा येईल त्या पाहुण्याला कौतुकानं तिच्याकडे बोट करून सांगत, ही आमच्या घरची काळी मेंढी. गेल्या महिन्यात पाठवलेल्या इंग्रजी अर्जात 'स्वतःविषयी' या रकान्यात तिनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं: मी आमच्या घरातली काळी मेंढी आहे, आणि माझे वडील हे सगळ्यांना सांगतात.

"काय झालं गं?"

"चार्जिंग संपलं," ती म्हणाली.

सकाळी आबा एसटी स्टँडवर तिला सोडायला आले. गाडीला वेळ होता.

"काल काळ्या मेंढीपाशी आडलीस न्हवं?" ते म्हणाले. "मोजणी झाली, शेळ्या झाल्या. तीच ऱ्हायली हुती."

"तुमाला ठावं हाय?"

"तुजा चुलता नानासो मिलिट्रीतनं सुट्टीवर आला हुता, तवा म्हनला. दादा, पोरीला आसं म्हनू नगंस, सायेब लोकांत ती शिवी हाय. तू दुसरीत हुतीस."

"मग म्हणायचं थांबला का न्हाईत?"

आबांनी भाकरीच्या पिशवीची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"त्येला इचारलं मी, शिवी का रं? तर म्हनला, त्येंना लोकर रंगवायची आसती, काळीवर रंग चढत न्हाई. म्हनलं, मग ती त्येंची आडचन झाली. आपल्याला कुठं रंगवायचीय?"

"आबा, मी ते अर्जात लिवलंय. पयल्याच वळीत."

कळप रस्ता ओलांडताना ट्रक आला की व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला.

"खोडता येतंय का?"

"न्हाई."

गाडी लागली. त्यांनी खिडकीतून पिशवी आत दिली आणि हात गजावरच ठेवला.

"त्येनी न्हाई घेतलं, तर बापामुळं झालं म्हन. आईला बी तसंच सांग."

सांगलीपर्यंत तिनं एक उत्तर तयार केलं. चूक झाली, अर्थ माहीत नव्हता, क्षमस्व. तीन वाक्यं, व्याकरण अचूक.

टेबलापलीकडच्या परदेशी बाईंपुढं तिचा अर्ज होता. पहिल्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे तुम्ही लिहिलंय," बाईंनी इंग्रजीत सावकाश विचारलं. "याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे?"

तयार केलेलं उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. स्वप्नालीनं ते तिथंच थांबवलं.

"मला कालपासून माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना वीस वर्षांपासून."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.