दिवस मावळायच्या आत

"दिवस मावळला की गं, पोरी."

अण्णांचा आवाज ऐकला आणि दशमीच्या डब्याकडं गेलेला क्षमाचा हात तिथंच थांबला. बेकरीच्या मागच्या खोलीत तिनं मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला होता, रोजच्यासारखा. रोज पडद्यावर आई असायची. आज वडील होते, अण्णा, आणि त्यांच्या मागं सोप्यातला दिवा लागलेला होता.

"मावळला कसा? आठच वाजल्यात हितं. मी रोज आठलाच लावते न्हवं?"

"ते मला काय म्हाईत? हितं साडेसहा झाल्यात. काल तुझा फोन आला तवा दिवस हुता."

क्षमानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि तिला आठवलं. काल रात्री कॅनडातली घड्याळं एक तास मागं गेली होती. खोलीवर तिनं आणि ऋतिकानं त्याचा आनंदही साजरा केला होता. ऋतिका बेळगावजवळच्या काकतीची, खोलीत सोबत राहणारी आणि याच बेकरीत काम करणारी. "सरकारनं फुकट एक तास झोप दिलीया, घे की गं," असं म्हणून तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं होतं. सरकारला काय, काटा फिरवला की झालं. तिच्या गावचा, सीमेवरच्या कोगनोळीचा सूर्य मात्र कुठल्याच सरकारचं ऐकत नाही, कर्नाटकाचं नाही आणि महाराष्ट्राचंही नाही.

आता ही एका तासाची गोष्ट एवढी का लागावी, तर तिच्या आईच्या, कमलाबाईंच्या नियमामुळं. क्षमा ऑगस्टमध्ये निघाली त्या दिवशी कमलाबाई बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात गेल्या आणि तिथं चातुर्मासाला आलेल्या साध्वी माताजींसमोर हात जोडून त्यांनी नियम घेतला: लेक परत येईपर्यंत, तिला रोज जेवताना बघितल्याशिवाय संध्याकाळच्या ताटावर बसायचं नाही. दिवस मावळल्यावर अन्नपाणी न घेण्याचा नियम तर त्या सासरी आल्यापासूनच पाळत होत्या. म्हणजे लेकीनं कॅनडात सकाळी उठून खायचं, ते आईनं फोनवर बघायचं आणि मग उसाच्या फडाआड दिवस जायच्या आत स्वतःचं उरकायचं. विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या क्षमाला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. पण कमलाबाईंना कोण सांगणार? घरात अण्णा मोठे, पण अण्णांपेक्षा नियम मोठा.

क्षमाच्या जिवाला मात्र हा नियम दोरीसारखा लागला होता. तळघरातली भाड्याची खोली, आठवडाभर वर्ग आणि प्रयोगशाळा, शनिवार-रविवार पहाटे पाचपासून बेकरी. दोन-दोन हातमोजे घालून ती लोकांसाठी अंड्याची सँडविच बांधायची आणि मधली सुट्टी झाली की हात तीनदा धुऊन दशमी खायची. कधी परीक्षा असायची, कधी ताप, कधी नुसतंच जेवू नये असं वाटायचं. तरी फोनसमोर बसून चावावं लागायचं. आज ती भांडणारच होती. आई, हे बंद कर, असं सांगायचं म्हणून रात्रीपासून तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती.

"आई कुठाय?" तिनं विचारलं.

अण्णांनी फोन फिरवला. कमलाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. कपाळ घामानं चमकत होतं. पदराचं टोक धरलेला हात थरथरत होता.

"अण्णा, हिनं गोळी घेतली काय?"

"घेतली की. साखरेची गोळी जेवायच्या आधी घ्यायची म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. फोन यायचा म्हणून घेऊन बसली. ताट बी वाढलंतं."

मधुमेहाची गोळी पोटात गेली होती आणि तिच्यामागून घासभरसुद्धा अन्न गेलं नव्हतं. अशानं रक्तातली साखर किती झरझर उतरते, हे क्षमाला पुस्तकात बघायची गरज नव्हती.

"अण्णा, गूळ द्या तिला. आत्ता. मोठा खडा."

"मघाधरनं हातात धरून बसलोय. ऐकत्यात कुठं बाईसाहेब?"

"आई! माझं ऐक. गूळ तोंडात टाक."

"दिवस गेला, बाळ," कमलाबाई म्हणाल्या. जीभ जड झाल्यासारखा आवाज येत होता. "उद्या खाईन. एका रातीनं काय हुतंय?"

"लई हुतंय! औषधाला चालतंय आई, माताजी बी हेच म्हणतील."

"गूळ काय औषध हाय व्हय?"

एवढ्यातही तिला हुज्जत घालायला जमत होतं, हे ऐकून क्षमाला रडू येऊ लागलं. अण्णा म्हणाले, "शेजारच्या आण्णाप्पाला गाडी काढाया सांगितलंय. निपाणीला दवाखान्यात नेतो."

"न्या. पण आधी गूळ. वाटंत शुद्ध गेली तर तोंडात काय घालता येणार न्हाय अण्णा."

पडद्यावर कमलाबाईंची मान एका बाजूला कलली आणि परत सावरली. अण्णा कधी आवाज न चढवणारा माणूस, तेही ओरडले, "कमल! अगं बघ हिकडं!"

मागच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही काळ्या काचेची. त्या काचेच्या कडेनं उजेडाची बारीक पट्टी टेबलावर पडली होती. क्षमानं ती पाहिली. बरणीला टेकवलेला फोन उचलला आणि कोट न चढवता, एप्रनवरच ती मागचं दार ढकलून बाहेर पळाली.

थंडीनं श्वास अडकला. गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत रात्रीचं दव गोठून पांढरं झालं होतं आणि समोरच्या घरांच्या छपरांवर सूर्य आला होता. ताजा, पिवळा, अजून पुरता तापलेला नव्हता. तिनं फोनचा कॅमेरा त्याच्याकडं धरला.

"आई, बघ. दिवस हाय."

"कुठला?" कमलाबाईंनी डोळे बारीक केले.

"माझ्याकडचा. नियम कुणाच्या जेवणावर बांधलास तू? माझ्याच न्हवं? मग दिवस बी माझाच धर की. मावळलेला न्हाय, आत्ताच उगवलाय."

थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरत होती. अण्णांनी काय केलं, तर फोन दोन्ही हातांत धरला आणि बायकोच्या तोंडासमोर नेला, आरतीचं तबक धरावं तसा. कमलाबाई त्या उजेडाकडं बघत राहिल्या.

"खरंच दिवस हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. मग गुळासाठी हात पुढं केला, खडा घेतला आणि थांबल्या. "पर तू खाल्लं न्हाईस अजून."

"आई, देवाशपथ..."

"आधी तू."

क्षमाला किंचाळावंसं वाटलं. डबा आत टेबलावर होता. ती वळली तर दारात ऋतिका उभी होती, डबा हातात घेऊन. आतून सगळं ऐकलं असावं तिनं. तिच्या मागं, आत, मॅनेजरबाई मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होत्या.

"मॅनेजरला मी बघते. तू खा," ऋतिका म्हणाली आणि डबा उघडून पुढं धरला.

बधिर झालेल्या बोटांनी दशमीचा तुकडा तुटेना. क्षमानं अख्खी दशमीच दातांनी तोडली. बिनलसणाची शेंगाचटणी एप्रनवर सांडली. तिनं कॅमेरा स्वतःकडं फिरवला आणि चावू लागली, तोंड उघडं ठेवून, नाकाडोळ्यांतलं पाणी न पुसता, लहान पोरं चावून दाखवतात तशी.

"गिळलं. दिसलं न्हवं? आता तू."

कमलाबाईंनी गूळ तोंडात टाकला. मग अण्णांनी दुसरा खडा दिला, तोही टाकला. वर साखरेचं पाणी दिलं, तेही त्या प्यायल्या. फोन बंद पडायच्या आधी क्षमाला शेवटचं दिसलं ते एवढंच, की आईची थरथर कमी झाली होती आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

भांडण राहूनच गेलं. त्याची गरजही उरली नाही. निपाणीला दाखवून आणल्यावर दुसऱ्या दिवशी कमलाबाई बस्तीत गेल्या, माताजींना सगळं सांगितलं. माताजींनी प्रायश्चित्त म्हणून णमोकार मंत्राच्या माळा जपायला सांगितल्या आणि त्या नियमातून त्यांना मोकळं केलं. लेकराचा जीव टांगणीला लावून कसलं पुण्य, असं त्या म्हणाल्या म्हणे. कमलाबाईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा पडलेला होता.

"आता तू निवांत ऱ्हा बाळ. सवडीनं फोन कर. मी माझी वेळंवर जेवत जाईन."

क्षमा "बरं" म्हणाली. सुटले एकदाची, असं तिला खरंच वाटलं. त्या आठवड्यात दोन दिवस ती जेवलीच नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी आठला सुट्टी झाली. तीनदा हात धुऊन ती मागच्या खोलीत आली. डबा उघडला, दशमीवर चटणी घेतली. कोगनोळीत एव्हाना दिवे लागले असतील, ताटं धुऊन पालथी घातली असतील. आई जेवली असेल, वेळेवर, लेकीला न बघता. हेच तर हवं होतं आपल्याला, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण मोडलेला तुकडा हातातच राहिला.

ऋतिका पाण्याची बाटली भरायला आली आणि दारातच थांबली.

"खा की गं. कुणाची वाट बघतीस?"

"कुणाची न्हाय."

ऋतिका गेली. क्षमानं खिशातला मोबाइल काढला, साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला आणि पडदा काळाच ठेवून त्याच्यासमोर सावकाश जेवली, शेवटच्या घासापर्यंत.

"झालं माझं, आई," ती म्हणाली, आणि हातमोजे घालायला उठली.